सात बहिणींची कथा : शिरगांवची लईराई

गांवोगांवच्या देवळांच्या कथांकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन रीति रूढ आहेत. भाविक मनुष्य त्यांस माहात्म्य म्हणतो आणि कांहीं न विचारतां हात जोडतो. संशोधक त्यांस दंतकथा म्हणतो, त्यांतून इतिहासाचा एखादा तुकडा हातीं लागतो कीं काय हें चाळून पाहतो, आणि लागला तर तेवढा ठेवून बाकीचें टाकून देतो. दोघांच्याही हेतूंविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु या दोन्ही रीतींत एक गोष्ट राहून जाते, ती ही कीं, कथा म्हणून त्या कथेकडे कोणी लक्ष देत नाहीं. लघुकथेची, नाटकाची, काव्याची परीक्षा करतांना जे साधे प्रश्न आपण विचारतों, म्हणजे यांतलीं माणसें कोण, त्यांच्या हातून काय घडतें, तें घडणें अटळ वाटतें कीं नाहीं, आणि ऐकून झाल्यावर मनांत काय राहतें, ते प्रश्न देवळाच्या पायरीवर सांगितल्या जाणाऱ्या कथेस विचारण्याचें आपल्या टीकाकारांच्या मनांत क्वचितच येतें.

हे प्रश्न लावून पाहण्यासाठीं आम्ही प्रस्तुत लेखांत गोव्यांतील डिचोली तालुक्यांतल्या शिरगांवच्या लईराई देवीची कथा व तिची जत्रा घेतली आहे. गांव लहान, परंतु वैशाख शुद्ध पंचमीस भरणाऱ्या या जत्रेस साऱ्या गोव्यांतून, शेजारच्या कोंकणपट्टींतून व कर्नाटकांतूनही हजारों माणसें लोटतात. जत्रेचें आकर्षण म्हणजे निखाऱ्यांवरून चालणें. वर्तमानपत्रांतून छायाचित्रें येतात तीं याचींच, आणि बाहेरचा मनुष्य शिरगांव ओळखतो तेंही यानेंच. पण निखारे कशासाठीं, हें कथा ऐकल्यावांचून कळत नाहीं. म्हणून आधीं कथा सांगतों.

सात बहिणी आणि त्यांचा एक भाऊ अशीं आठ भावंडें भ्रमण करीत करीत या मुलखांत आलीं. बहिणींचीं नांवें लईराई, केळबाई, महामाया, मोरजाई, शीतळाई, अजदीपा आणि मिराबाई. भावाचें नांव खेतोबा. मुक्कामाची जागा ठरली आणि विस्तवाची गरज पडली. लईराईनें विस्तव आणावयास खेतोबास पाठविलें. तो गेला तो गेलाच. वाटेंत मुलें खेळत होतीं, त्यांच्या खेळांत तो रमला आणि आपण कशास आलों हें विसरून गेला. इकडे वाट पाहून पाहून लईराईचा संताप अनावर झाला. भाऊ दृष्टीस पडतांच तिनें त्याच्या कमरेंत लाथ मारली. त्या लाथेनें त्याची कंबर वांकली ती कायमची. वायंगिणी गांवीं खेतोबाचें स्थान आहे. तेथील मूर्ति कमरेंत वांकलेली आहे ती या कारणानें, असें लोक सांगतात. राग ओसरल्यावर लईराईस आपण काय केलें हें उमगलें. तिनें स्वतःस शिक्षा ठरविली. दरवर्षीं पेटत्या निखाऱ्यांतून आपण चालूं. पुढें भावंडें पांगलीं. लईराई शिरगांवास राहिली, केळबाई मुळगांवास, महामाया मयें गांवांत. मोरजाई समुद्राकांठीं मोरजीस गेली. शीतळाई पाताळांत गुप्त झाली. अजदीपा समुद्रांतल्या अंजदीव बेटावर गेली. आणि मिराबाई म्हापशास जाऊन ख्रिस्ती झाली, ती तेथील मिलाग्र सायबीण.

सांगणारा बदलला कीं कथेचा तपशील बदलतो, बहिणींचा क्रम बदलतो. पण विस्तव, उशीर, लाथ आणि पश्चात्ताप या चार गोष्टी सर्वत्र कायम राहतात. ज्या गोष्टी शेंकडों तोंडांतून जाऊनही झिजत नाहींत त्याच कथेचा प्राण होत, असें समजण्यास हरकत नाहीं.

आतां जत्रा. देवीचें व्रत घेणाऱ्यांस ‘धोंड’ म्हणतात. धोंड जत्रेपूर्वीं कांहीं दिवस सोंवळ्यांत राहतात. कोणी थोडे दिवस, कोणी बरेच. गांवोगांवीं त्यांच्यासाठीं निराळे मांडव घालतात. तेथें ते राहतात, आपलें अन्न आपण रांधतात, झऱ्यावर किंवा तळीवर स्नान करतात. हातांत वेताची काठी, तिला रंगीबेरंगी लोंकरीचे गोंडे, आणि गळ्यांत मोगऱ्याच्या कळ्यांच्या माळा, असा त्यांचा वेष असतो. जत्रेच्या दिवशीं हे धोंड थव्याथव्यानें शिरगांवीं येतात, तळींत स्नान करतात, देवीचें दर्शन घेतात आणि काठ्या उंचावून नाचतात. देवळापासून कांहीं अंतरावर लांकडांची प्रचंड रास रचलेली असते. मध्यरात्रीच्या सुमारास ती पेटवितात. रास जळून निखारे पसरले म्हणजे पहांटेच्या अंधारांत धोंड त्यांवरून अनवाणी पार होतात. नंतरच्या दिवसांत कौलोत्सव होतो. देवीचा कळस घरोघर जातो आणि लोक कौल घेतात. येथें हेंही सांगितलें पाहिजे कीं, शिरगांवीं देवीस मुख नाहीं, हात नाहींत, शस्त्रें नाहींत. कळस हेंच तिचें रूप, आणि मोगरा हें तिचें फूल.

कथा व जत्रा यांचा मेळ किती घट्ट आहे हें पाहण्यासारखें आहे. जी वस्तु आणावयास भावाला पाठविलें ती विस्तव. आणि जिच्यांतून चालून बहीण प्रायश्चित्त घेते तीही विस्तव. उशिरा आला म्हणून ज्याच्यापायीं राग आला त्याच विस्तवांत राग जाळावयाचा. एखाद्या कसलेल्या नाटककारानें पहिल्या अंकांतली वस्तु शेवटच्या अंकांत परत आणावी तशी ही योजना आहे. पण येथें नाटककार कोणी नाहीं. चूल पेटविण्यापुरता मागितलेला मूठभर विस्तव दर वैशाखांत डोंगराएवढा होऊन परत येतो. त्या विस्तवासमोर मोगऱ्याची माळ घातलेला मनुष्य उभा राहतो. मोगरा वैशाखांतच बहरतो, म्हणून तो मिळतो, हें खरें. तरी जळतें लांकूड आणि ओली कळी हीं एकाच रात्रीं एकाच अंगावर आणून ठेवण्यांत लोकमनानें जी जाण दाखविली आहे ती काव्याचीच जाण आहे.

परंतु या कथेचा खरा विशेष आम्हांस निराळाच वाटतो. आपल्याकडील बहुतेक क्षेत्रांच्या कथा एका ठराविक मुशींतून निघालेल्या असतात. कोणी दैत्य मातला, त्यानें ऋषींस छळलें, देव धांवून आला, दैत्य मारला गेला, मरतांना त्यानें वर मागितला, आणि त्या ठिकाणीं क्षेत्र झालें. खंडोबाच्या मणि-मल्लवधाची कथा अशीच आहे, आणि तिच्या स्मरणार्थ मार्गशीर्षांत चंपाषष्ठी साजरी होते. देवीच्या कथांत तर महिषासुर ठरलेलाच. या मुशींतल्या कथांत दोष नेहमीं दुसऱ्याचा असतो. वाईट तें सारें दैत्याच्या पदरीं जातें, चांगलें तें सारें देवाच्या पदरीं येतें, आणि ऐकणारा विजयाच्या बाजूस बसून सुखानें घरीं जातो. शिरगांवच्या कथेंत दैत्य नाहीं. दोष खुद्द देवीच्या हातून घडला आहे. तोही कांहीं अलौकिक नव्हे. कामावर पाठविलेलें पोर खेळांत रमलें आणि थोरल्या बहिणीचा हात (येथें पाय) सुटला, एवढाच. ज्या घरांत भावंडें आहेत त्या कोणत्याही घरांत आज संध्याकाळीं घडूं शकेल अशी ही गोष्ट आहे.

आणि कथा एवढ्यावर थांबत नाहीं. लाथ मारल्यावर देवी सामर्थ्यवान् आहे म्हणून तिनें भावाची कंबर सरळ करून टाकली, असें कथा म्हणत नाहीं. आम्हांस हें फार महत्त्वाचें वाटतें. वर देऊन सारें पूर्ववत् करणें ही पुराणकथेंतील नेहमींची पळवाट. ती येथें घेतलेली नाहीं. खेतोबा वांकला तो वांकलेलाच राहिला. रागाच्या एका क्षणांत जें मोडलें तें देवीलाही सांधतां येत नाहीं. तिला फक्त त्याचें ओझें दरवर्षीं पुन्हां उचलतां येतें. पश्चात्तापाचें याहून प्रामाणिक चित्र आमच्या वाङ्मयांत शोधून काढावें लागेल. आपले कथालेखक पश्चात्ताप झाला कीं डोळ्यांतून दोन अश्रु काढतात आणि पुढच्या परिच्छेदांत क्षमा करवून मोकळे होतात. शिरगांवच्या कथेंत क्षमेचें नांव नाहीं. खेतोबानें क्षमा केली असें आम्हीं तरी ऐकलेलें नाहीं. क्षमा मिळो वा न मिळो, चालावयाचें तें चालावयाचेंच, असा तिचा निर्धार आहे.

येथें एक उणीवही दाखविली पाहिजे. खेतोबास या कथेंत तोंड नाहीं. तो जातो, खेळतो, लाथ खातो, वांकतो. बोलत मात्र नाहीं. सारा पश्चात्ताप बहिणीचा, सारी जत्रा बहिणीची. ज्यास दुखापत झाली त्याच्याकडे कथेचें लक्ष लाथ बसेपर्यंतच. निखाऱ्यांच्या तेजापुढें वायंगिणीची ती वांकलेली मूर्ति दृष्टीआड होते. कोणी म्हणेल, लोककथेकडून इतकी अपेक्षा करणें बरोबर नव्हे. पण आम्हीं तिला इतर वाङ्मयाच्या पंक्तीस बसविलें आहे, तेव्हां तिला सवलतीचें माप लावणें हा तिचाच अपमान होईल.

आतां बहिणींच्या पांगण्याकडे वळूं. विद्वान् वाचकांस येथें सप्तमातृकांची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे. सप्तमातृकांच्या शिल्पपट्टांत सात देवींच्या दोहों बाजूंस बहुधा वीरभद्र व गणेश असे पुरुषदेव उभे असतात. महाराष्ट्रांत पाणवठ्यांवर शेंदूर लावलेल्या साती आसरा ओळीनें बसलेल्या दिसतात. सात बहिणी आणि सोबत एक भाऊ ही रचना पुष्कळ जुनी व पुष्कळ दूरवर पसरलेली आहे यांत शंका नाहीं. परंतु एवढें सांगून अभ्यासकानें हात झाडले तर त्यानें शिरगांवाविषयीं कांहींच सांगितलें नाहीं असें होईल. मूळ सांचा सगळीकडे एकच असतांना येथें त्यांत काय ओतलें गेलें, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचें उत्तर नकाशावर मिळतें.

गोव्याचा नकाशा घेऊन या सात जागा त्यावर मांडून पहाव्या. शिरगांव, मुळगांव, मयें व भावाची वायंगिणी हे चार गांव डिचोलींत एकमेकांच्या शेजारीं आहेत. मोरजी पेडण्यांत आहे. हा सगळा मुलूख अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे गेला. त्यास ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. तोंवर धर्मांतराचा पहिला आणि कठोर काळ ओसरला होता, म्हणून येथील देवळें राहिलीं. म्हापसा मात्र बारदेशांत. बारदेश १५४३ सालींच पोर्तुगीजांच्या ताब्यांत गेला. त्याच शतकांत तेथील देवळें पाडलीं गेलीं, आणि १५९४ सालीं म्हापशास सेंट जेरोमचें चर्च उभें राहिलें. मिलाग्र सायबीण तेथलीच. अंजदीव बेट तर त्याहूनही आधींचें; १५०५ सालींच पोर्तुगीजांनीं तेथें कोट बांधावयास घेतला होता. म्हणजे, सात बहिणींपैकीं पाताळांत गेलेली शीतळाई सोडली, तर ज्या दोघींस कथा दूर गेलेल्या म्हणते, एक समुद्रांत आणि एक दुसऱ्या धर्मांत, त्या दोघींचींच स्थानें जुन्या अमलाखालीं होतीं. आणि ज्या जवळ राहिल्या म्हणून सांगते त्यांचीं स्थानें सरहद्दीच्या अलीकडे होतीं. डिचोली हा त्या काळीं पळून आलेल्या देवांचा आसरा होता. दिवाडीचा सप्तकोटेश्वर नदी ओलांडून याच डिचोलींतील नार्वें गांवीं आला, आणि त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ सालीं शिवाजीमहाराजांनीं केला, हें प्रसिद्धच आहे.

हा मेळ केवळ योगायोगाचा आहे असें म्हणणें आम्हांस जड जातें. तो पुरावा आहे असेंही आम्ही म्हणत नाहीं. कथा हा कांहीं दप्तरांतील कागद नव्हे. पण एका सरहद्दीनें एक समाज दुभंगला, त्या सरहद्दीपलीकडे गेलेल्यांचें काय करावें हा प्रश्न अलीकडच्यांपुढें उभा राहिला, आणि त्यांनीं त्यास दिलेलें उत्तर या कथेंत आहे, एवढें म्हणण्यास हरकत नसावी. उत्तर असें कीं, ती गेली खरी, पण बहीण आहे ती आहेच. तिला कोणी बाटगी म्हटलें नाहीं, मेली असें मानलें नाहीं, तिचें नांव सातांतून गाळून सहा केलीं नाहींत. उलट परंपरा अशी सांगतात कीं, म्हापशाच्या सायबिणीच्या फेस्तास शिरगांवाहून तेल जातें, आणि लईराईच्या जत्रेस म्हापशाहून फुलें येतात. सासरीं गेलेल्या बहिणीशीं माहेरानें ठेवावा तसा हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. ईस्टरनंतर भरणाऱ्या त्या फेस्तास हिंदु लोकही मोठ्या संख्येनें जातात व सायबिणीस तेल वाहतात.

अलीकडे या गोष्टीचा गौरव ‘सर्वधर्मसमभाव’ या शब्दानें करण्याची चाल पडली आहे. हेतु चांगला आहे, पण शब्द चुकीचा आहे असें आम्हांस नम्रपणें सांगावयाचें आहे. समभाव हा दोन परक्यांतील गुण आहे; दोन निरनिराळ्या गोष्टी आपण समान मानल्या म्हणजे तो होतो. शिरगांवच्या कथेंत परकें कोणी नाहीं. तेथें तत्त्वाचा आधार घेतलेला नसून नात्याचा घेतलेला आहे. आणि नातें हें तत्त्वापेक्षां अवघड असतें, कारण त्यांत दुःखही येतें. मिराबाई दूर गेली यांत कथेस आनंद नाहीं. मागें राहिलेल्या घरांतील रिकाम्या जागेची जाणीव त्या एका वाक्यांत आहे. तें दुःख पुसून टाकून केवळ सलोख्याचें सुंदर चित्र उरविलें कीं कथेचें वजनच जातें. जे याच्या उलट टोंकास जाऊन मिराबाईचें नांवच कथेंतून काढावयास पाहतील, किंवा सायबीण ही ‘मुळांत आमचीच’ म्हणून भांडावयास उठतील, त्यांनीं तर कथा मुळींच ऐकली नाहीं असें म्हटलें पाहिजे. कथेनें हक्क सांगितलेला नाहीं, तेल पाठविलें आहे.

दुसरा धोका संस्कृतीकरणाचा. गोव्यांत वारुळाच्या रूपानें पूजिली जाणारी सातेरी अनेक ठिकाणीं शांतादुर्गा झाली, आणि हरि-हरांचें भांडण शांत करणारी देवी अशी तिची नवी कथा रूढ झाली. केळबाईचें रूप पाषाणांत पाहिलें तर दोन हत्ती जिच्यावर पाणी घालीत आहेत अशी गजलक्ष्मी तेथें दिसते. असे संगम होत आलेले आहेत, त्यांविषयीं तक्रार करण्यांत अर्थ नाहीं. पण लईराईस कोण्या पुराणांतील देवतेचा अवतार ठरवून, लाथेचा ‘अशोभनीय’ प्रसंग सौम्य करून, छापील माहात्म्य तयार करण्याचा मोह ज्यांस होईल त्यांनीं थोडें थांबावें. लाथ काढली तर निखारे कशासाठीं? देवीचा दोष झांकण्यानें देवीचा मोठेपणाही झांकला जातो. तिचा मोठेपणा दोष नसण्यांत नाहीं, दोष पत्करण्यांत आहे.

आतां सुधारक वाचकांच्या आक्षेपाकडे येऊं. निखाऱ्यांवरून चालणें हा अंधविश्वास नव्हे काय? शास्त्र सांगतें कीं लांकडाच्या कोळशांतून उष्णता मंदगतीनें वाहते, पाऊल त्यावर क्षणभरच टेकतें, म्हणून भरभर चालणाऱ्याचें पाऊल बहुधा वांचतें. थबकणारा किंवा अडखळणारा भाजतो. हें खरें आहे, आणि तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. पण कथेस चमत्काराची गरजच नाहीं हें येथें ध्यानांत घ्यावें. देवीचे पाय भाजले नाहींत अशी बढाई कथा मारीत नाहीं. प्रायश्चित्तांत न भाजणें ही फुशारकीची गोष्ट होऊंच शकत नाहीं; भाजण्याची तयारी ही त्यांतली खरी गोष्ट. धोंड जेव्हां आपल्या निष्ठेची परीक्षा म्हणून निखाऱ्यांकडे पाहतो, आणि न भाजल्याचा अभिमान बाळगतो, तेव्हां तो नकळत कथेपासून दूर सरकतो. देवी पराक्रम म्हणून चालली नव्हती.

हें सारें विवेचन केवळ वाङ्मयीन हौसेचें आहे असें कोणी समजूं नये. या गांवाच्या भूमीनें गेल्या कांहीं दशकांत पुष्कळ सोसलें आहे. शिरगांवाच्या भोंवतीं लोहखनिजाच्या खोल खाणी खणल्या गेल्या. विहिरींचें पाणी आटतें, शेतांत खाणींतील गाळ येतो अशा तक्रारी घेऊन गांवकऱ्यांस न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. २०१२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोव्यांतील खाणी थांबविल्या. २०१८ सालीं त्याच न्यायालयानें ८८ खाणपट्ट्यांचें नूतनीकरण रद्द केलें. आणि डिसेंबर २०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले, तेव्हां त्यांत मयें, शिरगांव, मुळगांव हीं नांवें पुन्हां आलीं. या यादीकडे लक्ष द्यावें: हीं बहिणींचींच गांवें आहेत. ज्या जत्रेचा आरंभ तळीच्या स्नानानें होतो, आणि ज्या व्रताचा आधार झऱ्याचें पाणी आहे, तेथें पाणी हा पर्यावरणाचा प्रश्न तर आहेच, पण कथेच्या अस्तित्वाचाही प्रश्न आहे.

त्याहून जवळची आणि अधिक वेदनादायक गोष्ट ३ मे २०२५ च्या पहांटेची. जत्रेच्या त्या रात्रीं गर्दीची चेंगराचेंगरी होऊन सहा भाविक मृत्युमुखीं पडले आणि अनेक जखमी झाले. निखाऱ्यांनीं कोणी मेलें नाहीं. अरुंद वाटेनें, उतारानें आणि माणसांच्या लोंढ्यानें मेलीं. पुढें चौकशी झाली, आणि अशा प्रसंगीं नेहमीं होतें त्याप्रमाणें दोष कोणाचा याची चर्चा सुरू झाली. व्यवस्था कोणाकडे होती, वाट कोणी अडविली, धोंडांनीं घाई केली काय, हे प्रश्न विचारणें अवश्य होतें. कोणास दोष द्यावयाचा हें ठरविणें टीकालेखाचें काम नव्हे, आणि आम्ही तें करीत नाहीं. परंतु त्या चर्चेंत एक गोष्ट कोणी बोललें नाहीं असें आम्हांस वाटलें. ज्या देवीच्या अंगणांत हें घडलें, तिची कथाच मुळीं घाईची, रागाची आणि त्यामुळें दुखावलेल्या एका दुर्बलाची आहे. ती कथा म्हणते कीं, ज्याच्या हातीं सामर्थ्य होतें त्यानें प्रथम स्वतःकडे पाहावें. खेतोबानें उशीर केला हें खरेंच होतें. लईराईपाशीं सबब तयार होती. ती तिनें सांगितली नाहीं. ती स्वतः चालली, आणि एकदां चालून मोकळी झाली नाहीं. दरवर्षींचें व्रत केलें. मृतांच्या घरांतील माणसांस दिलेली मदत आणि पुढच्या वर्षीं रुंद केलेली वाट हींही प्रायश्चित्तेंच होत, आणि तीं दरवर्षीं जागवावीं लागतील. ज्यांच्याकडे जत्रेचा भार आहे त्या सर्वांनीं, मग ते देवळांतले असोत वा सरकारांतले, ही कथा एकदां नीट ऐकावी, असें आम्हांस मनापासून वाटतें. खेतोबास कथेंत तोंड नाहीं ही उणीव आम्हीं वर दाखविली. त्या पहांटे पडलेल्यांसही उद्यां तोंड राहणार नाहीं, जर जत्रेच्या तेजांत आपण त्यांस विसरलों तर.

एक सूचना करून लेख पुरा करतों. या कथेचे निरनिराळे पाठ शिरगांव, मुळगांव, मयें, वायंगिणी, मोरजी आणि म्हापसा या गांवांतून, त्या त्या गांवच्या बोलींत, जसे सांगितले जातात तसे टिपून घेण्याचें काम कोणीतरी हातीं घ्यावें. सुधारूं नये, संस्कृताचा मुलामा देऊं नये, एकमेकांशीं जुळवूंही नये. विशेषतः वायंगिणीस ही कथा कशी सांगतात हें ऐकण्याची आम्हांस फार उत्सुकता आहे. भावाच्या गांवीं तरी भावाला दोन शब्द मिळाले असतील अशी आशा वाटते. आणि टिपणारानें म्हापशासही जावें. तेथें सायबिणीपुढें तेल घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या वृद्ध बाईस विचारावें, बाई, ही कोण? ती बहुधा सातांचीं नांवें सांगूं लागेल. तेव्हां तिनें कितींचीं सांगितलीं तें नीट मोजावें.